कपाटातल्या सीडींपासून स्वयंपाकघरातल्या स्पीकरपर्यंत

बाबांच्या कपाटात २४० सीडी आणि साठेक कॅसेटी होत्या. सीडी प्लेअरची लेन्स गेली, दुरुस्त करणारं कुणी मिळेना, आणि मग वर्षभर त्या कपाटाचं दारच उघडलं गेलं नाही. आई सकाळी मोबाइलवर भूपाळ्या लावायची. पण मध्येच कुणाचा फोन आला की गाणं थांबायचं, आणि तिच्या कानात बसलेलं रेकॉर्डिंग ॲपवर सापडेलच याचा भरवसा नव्हता. आता तीच गाणी स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत आणि बाबांच्या खोलीत वाजतात, इंटरनेट गेलेलं असलं तरी वाजतात. हे सगळं बसवायला मला चार महिने लागले आणि त्यातले तीन नुसती गाण्यांची नावं नीट करण्यात गेले. म्हणून इथेही सर्वांत जास्त जागा नावांनाच दिली आहे. स्पीकर काय, एका दुपारी जोडून होतात.

आधी मांडणी समजून घ्या

तीन वस्तू लागतात: गाणी ठेवायला डिस्क, मागितलेलं गाणं शोधून पाठवणारा सर्व्हर आणि ते वाजवणारे स्पीकर. ब्लूटूथ स्पीकरला गाणं फोन पाठवतो, त्यामुळे फोन खिशात घालून भाजी आणायला गेलात की घरातलं गाणं बंद. वायफायवरचा स्पीकर गाणं थेट सर्व्हरकडून घेतो. फोन फक्त रिमोटचं काम करतो, तो बंद झाला तरी गाणं चालूच राहतं.

सर्व्हरसाठी मी लिरियन म्युझिक सर्व्हर वापरतो. तो फुकट आहे आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे. तो निवडण्यामागे एक कारण आहे. स्लिम डिव्हाइसेस नावाच्या छोट्या कंपनीने तो आपल्या नेटवर्कवरून गाणी वाजवणाऱ्या प्लेअरसाठी लिहिला. २००६ मध्ये ती कंपनी लॉजिटेकने घेतली आणि २०१२ मध्ये स्क्वीझबॉक्स हे प्लेअर बनवणंच बंद झालं. पण कोड खुला असल्यामुळे वापरणाऱ्यांनी तो जिवंत ठेवला, आणि २०२४ पासून तो लिरियन या नावाने पुढे चालू आहे. बाबांनी तीस-चाळीस वर्षं जमवलेला संग्रह कुणा कंपनीच्या मर्जीवर सोडायचा नाही, एवढं माझं पहिल्यापासून ठरलेलं होतं.

तुमच्याकडे सोनोसचे स्पीकर असतील तर वेगळा सर्व्हर लागत नाही. घरातल्या कॉम्प्युटरवरचं किंवा नेटवर्क डिस्कवरचं शेअर केलेलं फोल्डर दाखवलं की ते स्पीकर स्वतःच यादी बनवतात, फक्त ६५,००० गाण्यांची मर्यादा आहे. नावं आणि प्लेलिस्ट यांबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते त्यांनाही लागू आहे.

सीडी उतरवताना

विंडोजवर एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी आणि मॅकवर एक्सएलडी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि या कामात तरबेज आहेत. दोन्ही तुमची उतरवलेली प्रत त्याच सीडीच्या इतरांनी उतरवलेल्या प्रतींशी ताडून बघतात. मराठी सीडींच्या बाबतीत मात्र ताडायला दुसरी प्रत बऱ्याचदा नसतेच. अशा वेळी ‘टेस्ट अँड कॉपी’ निवडा. सॉफ्टवेअर प्रत्येक गाणं दोनदा वाचतं आणि दोन्ही वाचनं जुळली तर प्रत नीट उतरली असं समजायला हरकत नाही. सीडी अडकत असेल तर आधी ती साबणाच्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसा. पुसताना मधून कडेकडे जायचं, गोल फिरवायचं नाही. माझ्या अडणाऱ्या सीडींपैकी अर्ध्याअधिक एवढ्यानेच सुटल्या.

उतरवायचं ते फ्लॅकमध्ये. या प्रकारात आवाजातला एकही कण गळत नाही आणि तरी जागा सीडीच्या निम्म्या-साठ टक्के लागते. साधारण एका सीडीला ३०० ते ४०० एमबी धरा. माझ्या २४० सीडी ८० जीबीच्या आसपास बसल्या, म्हणजे साधी ५०० जीबीची डिस्कसुद्धा पुरून उरते. जुन्या एमपीथ्री असतील तर त्या तशाच ठेवा. त्यांचं फ्लॅक केल्याने गेलेला आवाज परत येत नाही, फक्त फाइल फुगते.

कॅसेटींच्या बाबतीत मी एक चूक केली. वेळ वाचावा म्हणून सगळ्या कॅसेटी एका दुकानात दिल्या. परत आल्या त्या दबक्या आवाजाच्या एमपीथ्री, एका बाजूची एक सलग फाइल आणि नावं ‘साइड ए’, ‘साइड बी’. शेवटी सगळ्या मीच पुन्हा उतरवल्या. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, डेक कॉम्प्युटरला जोडायचा, ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची सर्वांत उंच उडी उणे ६ डेसिबलच्या आत राहील असं रेकॉर्डिंग लावायचं आणि मग गाण्यागाण्याला खूण करून तुकडे पाडायचे. कॅसेट जेवढी लांब तेवढा वेळ जातोच, त्याला इलाज नाही. मी जेवण झाल्यावर रोज एक लावायचो आणि बाबा ऐकत बसायचे.

नावं: इथे घाई नको

गाण्याच्या प्रत्येक फाइलच्या पोटात एक चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. शीर्षक, कलाकार, अल्बम, क्रमांक, वर्ष असे तिचे रकाने असतात. तुम्ही फोल्डर कितीही सुंदर लावा, सर्व्हर यादी बनवतो ती या चिठ्ठ्या वाचून. आणि चिठ्ठीत जसं लिहिलं असेल तसंच तो घेतो. माझ्या पहिल्या यादीत ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’, ‘पंडित भीमसेन जोशी’ आणि इंग्रजी लिपीतले दोन असे पाच वेगळे गायक होते. किशोरीताई ‘आमोणकर’ आणि ‘अमोणकर’ अशा दोन जागी विभागल्या होत्या. बाबा एका नावावर बोट ठेवायचे, चारच गाणी दिसायची आणि “बाकीची गेली कुठे?” म्हणून विचारायचे.

म्हणून एक वही घ्या आणि प्रत्येक कलाकाराचं नाव कसं लिहायचं ते एकदाच ठरवून त्यात लिहून ठेवा. मी पंडित, विदुषी, उस्ताद या उपाध्या टॅगमधून काढल्या. मनातला आदर कमी झाला म्हणून नव्हे, तर ‘प’खाली अर्धा संग्रह गोळा होऊन नाव शोधणं मुश्किल झालं होतं म्हणून.

टॅग लिहायला विंडोजवर आणि मॅकवर एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर उत्तम. नाव सांगत नसलं तरी ते फ्लॅकही हाताळतं आणि पन्नास फाइली एकदम निवडून एकच रकाना बदलता येतो. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड गाण्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं. हिंदी आणि इंग्रजी गाण्यांना त्याचा खूप उपयोग होतो, मराठीत मात्र सीडीवरचा कागद समोर ठेवून हाताने लिहिण्याची तयारी ठेवा.

एक सीडी कशी लावली ते दाखवतो. मैफलीची सीडी, दोनच ट्रॅक, आणि उतरवल्यावर नावं आली ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. डबीत बाबांनी पेनाने लिहिलेली चिठ्ठी होती: राग, ताल, साथीला कोण. पहिल्याचं शीर्षक केलं ‘पूरिया धनाश्री – विलंबित एकताल’, दुसऱ्याचं ‘पूरिया धनाश्री – द्रुत तीनताल’. राग मुद्दाम सुरुवातीला ठेवला, कारण टॅगमध्ये रागासाठी वेगळा रकाना नसतो. शीर्षक रागाने सुरू झालं की ‘पूरिया’ एवढं शोधलं तरी सगळे पूरिये एकाखाली एक येतात. कलाकाराच्या रकान्यात फक्त मुख्य गायक. तबला आणि पेटीवर कोण होतं ते कॉमेंटमध्ये, आणि बाबांच्या चिठ्ठीचा फोटो मुखपृष्ठ म्हणून लावला. स्वयंपाकघरातल्या टॅबवर तो राग वाजायला लागला की त्यांचं अक्षर दिसतं.

भावगीतांना वेगळी शिस्त लागते, कारण आपल्याकडे गाण्याबद्दल बोलताना गायक, संगीतकार आणि कवी तिघंही लागतात. कलाकारात गायक, कंपोझरमध्ये संगीतकार, कॉमेंटमध्ये कवी असं मी ठरवलं. जॉनर या रकान्यात इंग्रजी नावं आपोआप येतात, ती सगळी पुसून ख्याल, नाट्यसंगीत, भावगीत, अभंग, लावणी अशी आपली नावं घाला.

मराठी सीडींपैकी बऱ्याच निवडक गाण्यांच्या असतात, एका सीडीवर आठ गायक. अशा सीडीला ‘अल्बम कलाकार’ हा रकाना भरला नाही तर कित्येक प्लेअर एकाच सीडीचे आठ अल्बम करून दाखवतात. तिथे सगळ्या गाण्यांना ‘विविध कलाकार’ लिहा. आणि अल्बमचं नाव नुसतं ‘भक्तिगीते’ ठेवू नका, अशा आमच्याकडे सहा सीडी निघाल्या. पुढे गायकाचं नाव किंवा वर्ष जोडा.

लिपीबद्दल माझं स्पष्ट मत: टॅग देवनागरीत, फाइलींची आणि फोल्डरची नावं इंग्रजी लिपीत. टॅग माणसांनी वाचायचे असतात. फाइलींची नावं यंत्रं वाचतात आणि देवनागरीत ती कधीकधी अडखळतात. ‘कऱ्हाड’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन तऱ्हेने लिहिता येतो, एकच अक्षर म्हणून किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच. पण जुन्या मॅकवरून आलेलं नाव दुसऱ्या तऱ्हेने साठवलेलं असतं आणि लिनक्स या प्रणालीवर चालणारा माझा सर्व्हर पहिल्या तऱ्हेचं शोधत बसतो. फाइल समोर असून ‘सापडत नाही’ असं उत्तर येतं. हे कोडं सुटायला मला दोन रात्री लागल्या.

जुन्या एमपीथ्रीत शीर्षकाच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग दिसली तर ते नाव युनिकोडच्या आधीच्या एखाद्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेलं असतं. ते दुरुस्त करत बसू नका, पुसून नव्याने लिहा. एमपीथ्रीटॅगच्या सेटिंगमध्ये एमपीथ्रीसाठी ‘आयडीथ्री व्ही २.३ यूटीएफ-१६’ निवडलेलं असू द्या, म्हणजे मराठी सगळीकडे नीट दिसतं.

सर्व्हर उभा करणं

जुना लॅपटॉप चालतो. मी रास्पबेरी पाय ४ घेतला (पुढे नुसतं ‘पाय’ म्हणतो). तळहाताएवढा कॉम्प्युटर, आवाज नाही, वीज अगदी थोडी. त्यावर पायकोअरप्लेअर ही प्रणाली घातली. तिची मोठी सोय अशी की सुरू झाल्यावर ती सगळी मेमरीत चालते आणि एसडी कार्डावर सारखं लिहीत नाही. आमच्याकडे लाइट न सांगता जाते. दुसऱ्या प्रणालीवर असताना अशाच एका संध्याकाळी माझं कार्ड खराब झालं होतं. पायकोअरप्लेअरवर तसं अजून झालेलं नाही.

क्रम असा. कार्डावर प्रणाली लिहा, पाय राउटरला केबलने जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडा. मुख्य पानावर ‘रिसाइझ एफएस’ करून जागा वाढवा. हे विसरलात तर पुढे सर्व्हर बसणार नाही. मग एलएमएसच्या (म्हणजे लिरियन म्युझिक सर्व्हरच्या) पानावर जाऊन सर्व्हर इन्स्टॉल करा आणि यूएसबी डिस्क तिथूनच माउंट करा, म्हणजे सर्व्हरला ती दिसेल अशी जोडा. डिस्क विंडोजच्या पद्धतीची असेल तर जादा फाइल सिस्टिमचा पर्याय आधी चालू करावा लागतो. आता पत्त्यापुढे ९००० हा पोर्ट टाकला की लिरियनचं पान उघडेल. तिथे बेसिक सेटिंगमध्ये संगीताचं फोल्डर दाखवा आणि प्लेलिस्टचं फोल्डर वेगळं दाखवा. स्कॅन संपला की यादी तयार. सुरुवातीलाच मटेरियल स्किन हे प्लगइन (सर्व्हरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) घाला. फोनवर वापरायला ते खूप सोपं आहे, आईला मी एकदाच दाखवलं.

स्पीकरचे दोन मार्ग. जुना ॲम्प्लिफायर आणि जुने स्पीकर घरात असतील तर त्यांना डॅक (फाइलीतल्या आकड्यांचा आवाज करणारं छोटं कार्ड) लावलेला आणखी एक पाय जोडा. बाबांचे लाकडी स्पीकर असेच पुन्हा बोलू लागले. नवे वायफाय स्पीकर असतील तर लिरियनमध्ये क्रोमकास्ट, एअरप्ले आणि यूपीएनपी या वायफाय स्पीकरच्या पद्धतींसाठी पूल बांधणारी प्लगइन आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. पायवरचे प्लेअर एकमेकांशी इतके जुळतात की दोन खोल्यांमधून चालत गेलं तरी ताल तुटत नाही. पुलावरून जोडलेले वेगवेगळ्या जातीचे स्पीकर थोडे मागेपुढे होतात. लागून असलेल्या खोल्यांमध्ये एकाच जातीचे ठेवा.

गाणं अडकत असेल तर

फ्लॅकला सेकंदाला एक मेगाबिटच्या आसपास पुरतं, त्यामुळे इंटरनेटचा महागडा प्लॅन घेऊन काही साधत नाही. अडचण असते ती घरातल्या वायफायची. फ्लॅटमध्ये शेजारपाजारची पंधरा नेटवर्कं २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी करतात. सर्व्हर केबलवर ठेवा, जवळचे स्पीकर ५ गिगाहर्ट्झवर आणि भिंतीपलीकडचे २.४ वर घेऊन चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो लावा. राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता कायमचा राखून ठेवा. स्पीकर दिसतच नसेल तर तो चुकून गेस्ट नेटवर्कला जोडला आहे का बघा, त्या नेटवर्कवरून घरातली इतर यंत्रं दिसत नाहीत. राउटर आणि पाय दोन्हींना छोटा यूपीएस लावला की बहुतेक तक्रारी संपतात.

प्लेलिस्ट

नवीन माणूस इथे एका गोष्टीत नेहमी गोंधळतो. आत्ता स्क्रीनवर दिसते ती रांग, आणि नाव देऊन जपून ठेवलेली ती प्लेलिस्ट. रांगेतून गाणं काढलं तरी प्लेलिस्ट तशीच राहते, आणि रांगेत छान क्रम जमला पण ‘सेव्ह’ केलं नाही तर दुसरं काही लावताच तो क्रम गेला. आईने तासभर बसून लावलेले अभंग असेच गेले. तेव्हापासून आधी नाव द्यायचं आणि मग गाणी भरायची, असा आमचा नियम आहे.

प्लेलिस्टची फाइल म्हणजे साधी मजकुराची फाइल, नाव एमथ्रीयू. एका ओळीत एका गाण्याचा पत्ता, एवढंच. पत्ता दोन प्रकारे देता येतो. ‘वरच्या मजल्यावर डावीकडची खोली’ असा, किंवा गाव, पेठ, गल्ली, घर नंबर असा पूर्ण. लिरियन पूर्ण पत्ता लिहितो. मी एकदा मुख्य फोल्डरचं नाव बदललं आणि अकराच्या अकरा प्लेलिस्ट रिकाम्या वाजल्या. म्हणून फोल्डरची रचना सुरुवातीलाच ठरवा आणि नंतर हलवू नका. नाव बदललंच असेल तर नोटपॅडमध्ये प्लेलिस्ट उघडून जुना पत्ता शोधा, नवा घाला, मग फक्त प्लेलिस्टचा रिस्कॅन द्या. प्लेलिस्ट विंडोजवर हाताने बनवत असाल तर दोन गोष्टी पाहा: तिरकी रेघ उलटी पडलेली नसावी आणि इंग्रजी लहान-मोठी अक्षरं फाइलीच्या नावात आहेत तशीच असावीत. लिनक्स या दोन्ही बाबतीत सूट देत नाही.

प्लेलिस्ट कशाच्या करायच्या? ‘आवडती’ नावाची एकच लांबलचक यादी करू नका. ७८ आरपीएमच्या काळात तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळे जुनं नाट्यपद तेवढंच असतं, आणि विलंबित ख्याल पाऊण तासाचा. दोन्ही एका यादीत घालून शफल केलं की ना पदाची चव लागते ना ख्यालाची. आमच्या प्लेलिस्ट दिवसाच्या वेळांवर आहेत, कारण आपल्या रागांना वेळ आधीच नेमून दिलेली आहे. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर, प्रत्येकी तीन तासांचे. पहाटे ललत आणि भैरव, मग तोडी, दुपारी सारंग आणि भीमपलास, संध्याकाळी मारवा, पूरिया धनाश्री, मग यमन, रात्री बागेश्री, दरबारी, मालकंस. प्रत्येक यादी दोन-अडीच तासांची पुरते. त्याहून मोठी झाली की शेवटची गाणी कधी ऐकलीच जात नाहीत.

लिरियनमध्ये प्रत्येक स्पीकरला वेगळा अलार्म लावता येतो: वेळ, वार, कोणती प्लेलिस्ट, आवाज किती आणि हळूहळू चढवायचा का. स्वयंपाकघरातला स्पीकर सकाळी सहाला आपण होऊन भूपाळ्या लावतो. आई गॅसवर चहाचं आधण ठेवत असते, हात ओले, आणि फोन देवघरात पडलेला असतो.

आवाजाच्या चढउतारासाठी रिप्लेगेन वापरा. फूबार २००० हे सॉफ्टवेअर प्रत्येक गाणं मोजतं आणि किती कमी-जास्त करायचं तो आकडा टॅगमध्ये लिहितं. मूळ आवाजाला हात लागत नाही. लिरियनमध्ये प्लेअरच्या सेटिंगमध्ये ‘स्मार्ट गेन’ निवडा, म्हणजे अल्बम सलग वाजताना त्यातला चढउतार तसाच राहतो आणि मिसळ यादीत सगळी गाणी एका पातळीवर येतात. क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता त्यावर दुसरं चढवणं, मात्र बंद ठेवा. विलंबिताच्या शेवटच्या समेवर द्रुत चढलं तर कानाला फार लागतं.

दुसरी प्रत

एक डिस्क म्हणजे संग्रह नव्हे. हार्ड डिस्क कधीतरी जाणारच, आणि तीन महिने लिहिलेले टॅग तिच्याबरोबर जातील. दुसरी तेवढीच डिस्क घ्या आणि फ्रीफाइलसिंक या सॉफ्टवेअरने महिन्यातून एकदा दोन्ही सारख्या करा. त्यात प्लेलिस्टचं फोल्डर आहे ना, ते तपासा, तेच बहुतेकांकडून राहतं. सारख्या करताना किती फाइली पुसल्या जाणार आहेत तो आकडा वाचल्याशिवाय ‘हो’ म्हणू नका. तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवा. आमची ताईकडे कोल्हापूरला असते. दिवाळीत जाताना ताजी डिस्क घेऊन जातो आणि गेल्या वर्षीची परत आणतो. भाच्याने तीच डिस्क त्यांच्या जुन्या लॅपटॉपला लावली आहे, त्यामुळे ताईकडेही आता सकाळी सहाला त्याच भूपाळ्या लागतात.